पायाखालचं मडकं

स्टुटगार्ट, ३ मार्च १९७८

ती. अर्गिरोताईस,
स्तमातिसचा शि. सा. न. वि. वि.

तुला घराचा पाया खणून घ्यायला सांगितला होता, प्राचीन स्मशान उकरायला नव्हे! अकरा वर्षं या कारखान्यात घाम गाळला तो ग्रीसमध्ये आपल्या गावात चार भिंती उभ्या राहाव्यात म्हणून. थानासिस गवंडी कळवतो की मडकं निघालं तेव्हा त्याने शहाण्यासारखी माती लोटून दिली होती. तूच सकाळची बस पकडून पुरातत्त्व खात्याला वर्दी दिलीस. ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? उलट टपाली कळव.

तुझा (अजून तरी) लाडका,
स्तमातिस

१४ मार्च

चि. स्तमातिसला अनेक आशीर्वाद.

हो, वर्दी मीच दिली. ओरडून झालं असेल तर वाच. या लोकांचा मलाही वीट आलाय. वालाच्या वाफ्यातून दोऱ्या ताणल्यात, दहा जण ओसरीवर बसून माझी कॉफी ढोसतात. वीस थडगी निघाली. मोठ्यांच्या उशाशी तेलाच्या कुप्या, तोंडात मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्यासाठी नाणं.

थानासिसने मडकं फोडलं तेव्हा मी तिथेच उभी होते. आत तान्हं मूल होतं रे. काडीएवढी हाडं. शेजारी मातीचं बोंडलं, दूध पाजायचं. माझी मुलगी बाप्तिस्म्याआधीच गेली, तर पाद्रीबुवांनी गावच्या स्मशानात जागा नाकारली. बाबा तिला घेऊन गेले, कुठे ते मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि आता दुसरीच्या लेकरावर सिमेंट ओतू देऊ? तुझं घर राहिलं तर राहिलं!

जर्मनीत तरी गरम कपडे घाल. आठवण ठेव.
तुझी ताई

२७ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. राग आहेच, आधी मला विचारायचं होतंस. घराचं पुढे बघू.

पण त्या दिवशी बाबा एकटे नव्हते. कुदळ माझ्या हातात होती. गावच्या स्मशानाच्या उत्तरेच्या भिंतीबाहेर, रानटी नासपतीच्या झाडाखाली, आईच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवलं तिला. तुला कळलं तर तू तिथून उठणार नाहीस, म्हणून बाबांनी शपथ घातली. सतरा वर्षं पाळली मी ती, मूर्खासारखी.

ईस्टरला येतोय. पण माझ्यासाठी थांबू नकोस, आजच जा.

शिव्या घालायच्या त्या सगळ्या घाल, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
स्तमातिस