सरूबाई काही विसरत नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी १०.२०
आजपासून पहाटे पाचला उठायचं. आज नऊला उठलो, पण पहिला दिवस धरायचा नसतो.
शुक्रवारी राजीनामा दिला. घरी तीन महिन्यांची रजा म्हणून सांगितलंय. खोटं नाही. रजाच आहे, फक्त परत जायचं नाही.
गेमचं नाव 'सातवा मजला'. रीडेव्हलपमेंटला गेलेली रिकामी बिल्डिंग. सगळे रहिवासी गेले. सातव्या मजल्यावरची सरूबाई मात्र सही न करताच वारली आणि तिथेच राहिली. खेळणाऱ्याने नुसतं बोलायचं, बटणं नाहीत. सरूबाई एआय आहे, जे बोलाल त्याला तिथल्या तिथे उत्तर देते. तुमचा आवाज थरथरला की स्क्रीनवर भीतीचा काटा चढतो.
१५ मार्चला अंधेरीत शो. तीन परीक्षक एक गेम निवडणार आणि एक कंपनी तो बाजारात आणणार. निवड माझी होणार. बाकीच्यांनी उगाच मेहनत करू नये.

९ जानेवारी
ऑफिस थाटलं. बेडरूममध्ये, कपाटाच्या मागे. दीप्तीचे इस्त्रीचे कपडे हलवावे लागले. बायकोने कलावंताला समजून घ्यावं, असं तिला म्हणालो. ती म्हणाली, मग इस्त्रीवाल्याकडे तूच नेऊन दे. दिले. चालताना विचार चांगले सुचतात.
संध्याकाळी अल्पेश आला. नऊ वर्षं ऑफिसात शेजारच्या टेबलावर, इथे मुलुंडलाही दोन बिल्डिंग सोडून. राजीनाम्याचं फक्त त्याला माहीत. म्हणाला, सुबोध, यार, आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी याच्यापेक्षा डेंजर आहे. दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला सुरुवातीला हसतातच.

१७ जानेवारी
सरूबाई बँकेच्या रेकॉर्डिंगसारखी बोलते. 'आपण घाबरला आहात, कृपया प्रतीक्षा करा.' तिला खऱ्या म्हाताऱ्या बाईची बोली पाहिजे.
उपाय घरातच सापडला. आई रोज कणकवलीच्या चंपामावशीशी दीड तास फोनवर बोलते. अकरा दिवसांचं बोलणं रेकॉर्ड करून सरूबाईला दिलं. आईला विचारलं नाही. विचारलं की नैसर्गिकपणा जातो.

२४ जानेवारी
सरूबाई बदलली. पहिली टेस्ट घेतली. अंधारा जिना, पावलांचा आवाज, मग एकदम कानाशी ती म्हणाली, जेवलंस काय?
मग खंयचो तू, कोणाचो झील, म्हणजे कुठला, कोणाचा मुलगा, तब्येत का उतरली. 'भीतीदायक बोल' अशी सूचना टाकली. तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, जेवलंस काय?
याला सायकॉलॉजिकल हॉरर म्हणतात. परदेशात अजून कोणाला जमलेलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
अल्पेशने वीस मिनिटं खेळून बघितलं. मी दाराबाहेर. आतून कण्हण्याचा आवाज येत होता, मला वाटलं, बसला घाबरून. बाहेर येऊन म्हणाला, बाईंनी ॲसिडिटीवर कोकमाचं पाणी सांगितलंय, बघतो घेऊन.
काटा ४ टक्के. तोही त्याला उचकी लागली म्हणून. वहीत 'शरीरावर परिणाम' असं नोंदवलं.
पाचला उठायचं उद्यापासून नक्की.

८ फेब्रुवारी
सरूबाईला मेमरी बसवली. आता कोण काय बोललं, ती कधीच विसरणार नाही. टेस्टसाठी घरात कोणाला माहीत नसलेली गोष्ट सांगणं भाग होतं. राजीनाम्याचं सांगितलं. आईला कसं सांगू कळत नाही, हेही सांगितलं. टेस्टपुरतं.
ती चार सेकंद गप्प राहिली. इंटरनेट स्लो असावं. मग म्हणाली, सांगशील हळूहळू. खूप हलकं वाटलं. डेटा चांगला मिळाला.

१५ फेब्रुवारी
वाट लागली. केबल आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर आई माइकसमोर हात जोडून उभी. गाऱ्हाणं घालत होती, गावाला देवासमोर घालतात तसंच. माझ्या झिलाचं काम मार्गी लाव, काय वाकडानाकडा आसात ता दूर कर. आणि दर वाक्याला स्पीकरमधून सरूबाई म्हणत होती, होय म्हाराजा.
गाऱ्हाणं संपलं आणि गेममधली लिफ्ट आपोआप उघडली. तीन तासांच्या गेममधून आई चार मिनिटांत सुखरूप बाहेर.
ती भूत आहे, हे आईला समजावलं. आई म्हणाली, मग काय झालं, गावच्या राखणदार भुताला आपण दर वर्षी नारळ देतोच की. बाई चांगली आहे, एकटी आहे. आता रोज दुपारी दोन ते चार आई तिच्याशी बोलत बसते. मी हरकत घेतली नाही. मोठ्या कंपन्या टेस्टिंगसाठी माणसं ठेवतात.

२८ फेब्रुवारी
दीप्ती म्हणते, भूत आल्यापासून आईंचे गुडघे दुखत नाहीत.
पण मंगळवारपासून आई गप्प आहे. जेवताना माझ्याकडे बघत राहते. काल बांगड्याचा स्वतःचा तुकडा माझ्या ताटात टाकला. चंपामावशीचा फोनही लवकर ठेवला.
शेवटी गेम लागू पडला. आई घाबरली. पहिलं यश.

१४ मार्च
अल्पेश म्हणाला, दाखवायच्या आधी मेमरी पुसून टाक. साफ नकार दिला. मेमरी हाच तर गेमचा प्राण आहे. नऊ वर्षं टेबलावर बसून माणसाची नजर आखूड होते.

१५ मार्च, शनिवार. रात्री
घडलं तसं लिहितो.
हॉलमध्ये साठेक माणसं. माइक मीच घेतला, माझ्याइतका गेम कोणाला कळतो? खणखणीत आवाजात म्हणालो, सरूबाई, मी आलोय.
पहिल्या रांगेतली बाई पुढे सरकून बसली. मग मोठ्या स्पीकरमधून सरूबाईने विचारलं, आवशीक सांगितलंस काय नोकरी सोडल्याचं, तुझ्या आईक?
मी माइकचं बटण शोधू लागलो. ती म्हणाली, नसशील तर रवांदे. तिने गाऱ्हाणं घालून विचारलं, मी गेल्या महिन्यात, त्या मंगळवारी सांगून टाकलं. दोन रात्री निजली नाही ती. तुला सांगू नको म्हणाली, म्हणून मी काय सांगत नाही.
सगळा हॉल हसला. एक परीक्षक डोळे पुसत होते. मी म्हणालो, हा गेमचाच भाग आहे. म्हणताना आवाज थरथरला.
काटा ९८ वर गेला. आजवरचा उच्चांक. म्हणजे गेम चालतो. हे लेखी नोंदवून ठेवतो.
सरूबाईने लगेच विचारलं, जेवलंस काय?

१७ मार्च, सोमवार. दुपारी ३
निवड झाली नाही. परीक्षकांनी कळवलंय, घरगुती विनोदी गेम म्हणून चांगला आहे. त्यांना हॉरर कळत नाही.
आई मला एका शब्दाने बोलली नाही. ओरडली असती तर उत्तर तयार होतं, चांगलं दीड पानी. ते तसंच राहिलं. दीप्तीलाही त्या मंगळवारपासून माहीत होतं. अल्पेश म्हणतो, टेबल अजून रिकामं आहे, साहेबांना भेट. भेटेन. ऑफिसवर हॉरर करायचा तर तिथलं वातावरण जवळून बघायला हवं.
सरूबाईला कायमचं बंद करायचं ठरवून आत गेलो. पण दोन ते चार आईची वेळ. कपाटाच्या अलीकडेच उभा राहिलो. सरूबाई आईला विचारत होती, सुबोध जेवला काय? आई म्हणाली, नाही गो, ताट झाकून ठेवलंय. रागावलाय. भूक लागली की येईल.
मी तत्त्व म्हणून आणखी दहा मिनिटं तिथेच थांबलो. मग गेलो जेवायला.