युतीची उमेदवार

६ जानेवारी

झेडपीच्या आमच्या गटाची जागा आदिवासी महिलेसाठी निघाली! हे जुन्नरहून आले ते चपला न काढताच आत. "उद्या फोटो काढायचाय. हिरवी साडी नेस."

कशाचा फोटो?

"फ्लेक्सचा. तू उभी राहतीयेस."

मी डोक्यावरचा हंडा उतरवला. उभीच तर आहे पहाटेपासून — पाण्याच्या रांगेत!

आमचे हे म्हणजे रामदासराव, डोंगर हक्क पक्षाचे संस्थापक अध्यक्ष. पक्ष म्हणजे हे, यांचे दोन चुलतभाऊ आणि एक रबरी शिक्का. बायकोला विचारायचं असतं हे पक्षाच्या घटनेत नसावं.

११ जानेवारी

पेठला युतीची बैठक. आम्ही महादेव कोळी, ते ठाकर. त्यांच्या ठाकर एकजूट संघटनेचा अध्यक्ष सयाजी. तो आमच्याच खालच्या वाडीतला. मग आमचं मढ गाव सोडून एवढ्या लांब पेठला का? आंबेगावची मंडळीही येणार म्हणे. खरं कारण — हायवेच्या ढाब्यावर मटण चांगलं मिळतं!

सगळी दुपार एकाच गोष्टीवर वाद. फ्लेक्सवर मोठा फोटो कुणाचा? हे म्हणाले, "डोंगराचे मूळ मालक आमी." सयाजी उसळला — "मग आमी काय काल एसटीनं उतरलो व्हय राव?" शेवटी दोघांनी मिठ्या मारल्या. आपण सगळे आदिवासी एकच! टाळ्या! आणि जेवायला बसताना दोन टेबलं. कोळी इकडं, ठाकर तिकडं. कुणाला सांगावं लागलं नाही.

ठरलं ते असं — आमच्या गटात मी, आंबेगावात त्यांचा माणूस. सयाजीची बायको मंगल माझ्या शेजारी होती. दिवसभरात दोन शब्द बोलली. "व्हय" आणि "मीठ". बाहुली नुसती!

१६ जानेवारी

अर्ज भरला. मंगलचाही भरला, अपक्ष म्हणून. "वयनीचा बाद झालाच तर असावा," सयाजी म्हणाला. हे हसले. "बाद कशानं व्हईल? बारावी हाये ती!"

मंगलनं सही केली ती जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत. मला हसू आलं. लपवलंही नाही.

१८ जानेवारी

सयाजी घरी आला. सासूबाईंनी चहा वेगळ्या कपात दिला. तो गेल्यावर कप ओसरीवरच पालथा. मी म्हटलं, आत्या, आता युती आहे त्यांच्याशी.

"युती तुमची. भांडी माझी."

अध्यक्षसाहेब मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. सामाजिक ऐक्याची पोस्ट टाकत होते!

२१ जानेवारी

वाड्यावाड्यांवर फिरते आहे. पुढे हे आणि सयाजी, मागे आम्ही दोघी, हात जोडून. भाषणं यांचीच. "आमच्या सौ.ना निवडून द्या." नावसुद्धा नाही घेत!

एका ठाकरवाडीत म्हातारीनं मलाच धरलं. "तुमी येचाल का परत, का फकस्त ह्ये येतील?"

मी येईन, म्हटलं. म्हणून गेले आणि वाटलं — खरंच यायला हवं. टाकी बांधून ठेवलीय, थेंब नाही तीत. चार बायका माझ्याशी बोलत राहिल्या, हे जीपचा हॉर्न वाजवत राहिले. आज पहिल्यांदा निवडून यावंसं वाटतंय.

२५ जानेवारी

विकलं! दोन्ही अध्यक्षांनी मिळून विकलं!

डिंगोऱ्याचे बागाईतदार सोपानशेठ, मोठ्या पक्षाचे. त्यांच्या बंगल्यावर दोघं जेवून आले. यांना कुठल्याशा समितीवर घेणार, सयाजीला दुसऱ्या कुठल्याशा. त्यांची बाई बिनविरोध यावी म्हणून आम्ही दोघींनी अर्ज मागं घ्यायचे. मुंडावळ्या बांधून नवरी उभी आणि बापानं मांडवच मोडला!

मी तोंडाला येईल ते बोलले. मग हे हळूच म्हणाले — "आपल्या जयाचं काम झालंय. इथल्या सरकारी दवाखान्यात, कंत्राटी नर्स. शेठनी शब्द दिलाय."

पोर पुण्यात एका खोलीत पाचजणींत राहते. यांना ठाऊक आहे कुठं बोट ठेवायचं. नीच!

नाहीच म्हणणार मी.

२७ जानेवारी

जीपमध्ये यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. जया होती. "आई, खरंच मी घरी येणार?"

तहसील कचेरीत माघारीच्या कागदावर सही केली.

मग मंगलला बोलावलं. निवडणुकीच्या साहेबांनी विचारलं, "मागे घेताय ना?"

"न्हाई."

सयाजी दारातनं ओरडला, "अगं, ठरलंय!"

"तुमचं ठरलंय. मला मागं न्हाई घ्यायचा."

त्यानं तिचा दंड धरला. साहेबांनी त्याला बाहेर काढलं. ती टेबलाजवळ उभीच राहिली, मुदत संपेपर्यंत. हे घाम पुसत होते. सोपानशेठचा फोन वाजत होता, उचलायची छाती कुणाची नव्हती.

बाहेर आल्यावर ती माझ्याकडं आली. वाटलं, थुंकणार तोंडावर. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"पोर घरी येतीया वयनी. चांगलं झालं."

आणि एकटीच एसटी स्टँडकडं चालू लागली.

२८ जानेवारी

दोन्ही अध्यक्ष सोपानशेठच्या स्टेजवर. गळ्यात एकच मोठा हार, दोघांत मिळून. आता झाली खरी एकजूट!

लाचार, लाळघोटे, बिनकण्याचे — लिहिते आहे, पण हात थांबतो. सही यांनी नाही केली. मी केली.

३० जानेवारी

मंगल पायी फिरतेय म्हणे, वाडीवाडीत. सयाजीनं घरातनं काढलं, ती माहेरी राहून प्रचार करते. सोबत तिची भावजय आणि दोन म्हाताऱ्या.

जयाला फोन केला. सगळं सांगितलं, समितीपासून सहीपर्यंत. ती म्हणाली, "तसली नोकरी नको मला. इथं मी निभावतीय." ठेवला फोन. चिडली का रडली, कळलं नाही.

३१ जानेवारी

सकाळीच पायात चपला घातल्या. हे दारात आडवे. "कुठं? कुणाच्या प्रचाराला?"

म्हटलं, "युतीच्या."