पोट अल्टर करून घेण्याबद्दल

अंबरनाथ पूर्व,
१२ फेब्रुवारी २००८

तीर्थरूप सुनेत्राआत्यास महिपतीचा सविनय जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? नाशिकला अजून थंडी असेल, तेव्हा पहाटेचं फिरणं बंद ठेव. (तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून हुकूम सोडलेल्या बाईला मी हे सांगावं हे तुला रुचणार नाही, पण तब्येतीच्या बाबतीत आता माझाही शब्द मानला जातो.) फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस.

तर, एकशे चौतीस किलोचा तुझा भाचा शहात्तरवर आला. शुगर निघाली त्या दिवसापासून भात बंद आणि रोज सकाळी पालेगावपर्यंत पायी. अशी दोन वर्षं. पालेगावची कुत्रीसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाहीत. चरबी गेली, कातडं मात्र राहिलं. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर लोंबावा तसं ते पोटावर लोंबतं. घडीखाली घाम साचतो, चट्टे उठतात, मलमं लावून कंटाळलो. (लाजेबिजेचं म्हणशील तर तसलं काही नाही. चारचौघांत शर्ट काढायला मी काही पैलवान नाही.) इलाज एकच, जास्तीचं कातडं कापून शिवणं.

आता कापणं आणि शिवणं या विषयात मला शिकवेल असा माणूस उल्हासनगर कॅम्प एकमध्ये नाही. बावीस वर्षं टेलरिंगचं दुकान आहे. तेव्हा डॉक्टरबाईंकडे जाण्याआधी मी आरशासमोर उभं राहून खडूने पोटावर खुणा केल्या आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडली. माणूस पुन्हा सुटतो, आत्या. लग्नात शिवलेली पँट लोक बारशाला उसवायला आणतात. डॉक्टरबाई सिंधी, हसऱ्या, हात हलका. त्यांनी माझ्या खुणा ओल्या कापसाने पुसल्या आणि स्वतःच्या पेनाने माप घेतलं. (उभं करूनच घेतलं, म्हणजे बाई शिकलेली आहे.) माया सोडायला मात्र साफ नकार. कातडं पुढे उसवायचं नसतं, तुम्ही वजन सांभाळा, म्हणाल्या. इथवर मी ऐकून घेतलं. मग विचारलं, उरलेलं परत कधी मिळेल? माझ्या दुकानात पाटीच आहे, गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड गिऱ्हाइकाला, मग ते रुमालाएवढं का असेना. इथे तर अंदाजे तीन किलो माल. बाईंनी पेन खाली ठेवलं. "टेलरसाब, घर ले जाके उसका क्या सिलाओगे?" मी म्हटलं, तत्त्व ते तत्त्व. शेवटी मोठ्या मनाने मी ते सोडून दिलं.

ऑपरेशन गेल्या शुक्रवारी, आठ तारखेला व्हायचं होतं. आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते. गेली. मी परत आलो. आता बावीस तारीख मिळाली आहे. तीन तासांचं काम, मग आठवडाभर वाकून चालायचं आणि महिनाभर पट्टा. मला काळजी अशी काहीच नाही. आयुष्य सुयांमध्ये गेलं.

शीला मजेत. तिकडच्या लहानमोठ्या सगळ्यांना जय भीम सांग.

तुझा,
महिपती

ता.क. – एकवीस तारखेला सहज येऊन जातेस का? बऱ्याच दिवसांत आली नाहीस.

ता.क. २ – लाइट गेली नव्हती. हिरवा झगा घालून मी झोपलो होतो. नर्सने सुई हातात घेतली तसा मी उठलो, झग्यावरच पँट चढवली आणि मागच्या जिन्याने उतरून रिक्षा पकडली. आत्या, मला फार भीती वाटते. तू हात धरून आत नेलंस तर मी जाईन. शीलाला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता.क. ३ – आत्या, मी शीला. चार दिवस हे पत्र ह्यांच्या खिशातच फिरत होतं, म्हणून मीच पोस्टात टाकते आहे. हॉस्पिटलला जनरेटर आहे, आणि मी खाली बाकावरच बसले होते. हे माझ्या समोरून जाऊन रिक्षात बसले. झगा धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे, तो परत द्यायचा आहे. त्या दिवशी मी काही बोलले नाही. गेलं वर्षभर हे दिवा मालवल्याशिवाय शर्ट काढत नाहीत, त्यावरही कधी बोलले नाही. तुम्ही नक्की या. एक हात तुम्ही धरा, दुसरा मी धरते.