इहिरीत कोन होतं

चैत्र वद्य ३, मंगळवार

करीमचाचानं सिनेमाचं मासिक आनलं. राजापेठेत त्याचं अत्तराचं दुकान आमच्या फुलाच्या दुकानाले लागून. त्याले मराठी वाचता येत नाई, म्हनून मले वाचाले लावते. आज निंघालं 'कुमारी कुंदलता : बालपणीच्या आठवणी.' पानभर फोटो. नाकात चमकी, नजर वर, जशी आभायात कोनी तिले हाक मारून राहिलं.

कुंदलता म्हंजे ठकू. आमच्या मळ्याच्या बाजूच्या घरची, माह्याच वयाची. एका पाटीवर दोघी लिहाले शिकलो. आता या वहीत तिचं नाव पुरं लिहायचं नाई. ठ. लिहीन.

वाचता वाचता जीभ अडकली. लिहिलं हाय का ठ. आठ वर्षाची असतानी पारव्याची अंडी पाहाले वाकली अन् इहिरीत पडली. संगं जी मैत्रीण होती ते भेऊन पळून गेली. अंधार पडला तरी ठ. पान्यात उभी राहून गात राहिली, भेव वाटू नये म्हनून. 'त्या विहिरीनेच मला गाणे दिले.'

पडली मी होती. गायली मी होती. पळाली ते.

"आगे पढ बेटी, रुकी काहून?" चाचा म्हने. वाचलं पुढं. त्याच आवाजात.

वद्य ४, बुधवार

ठ. ची मैत्रीण म्हंजे मीच, हे चाचाले मालूम; त्यानं साऱ्या राजापेठेत सांगून देलं. सकाळपासून बाया गजरे घ्याले कमी अन् मले पाहाले जास्त. "थे पयालेली पोट्टी तूच का वं गोदे?" मी मान खाली घालून फुलं ओवत राहिली. मान खाली घातली तं लोक म्हंतात, पाहा, कबूल हाय.

चाचा माही बाजू घेते. "छोटी थी बिचारी. डर गई. तुमी असत्या तं काय इहिरीत उडी मारली असती?" आजपर्यंत कोनी माही बाजू घेतली नाई, अन् घेतली तं अशी.

माह्या भुवईवर खूण हाय. इहिरीच्या गोट्याची. याच खुनीपायी मले पाहाले आलेले परतवाड्याचे पाहुने 'कळवतो' म्हनून गेले, अजून कळवून राहिले. आज ते खूण एकीले दाखवली. हिंमत करून दाखवली. थे म्हने, "पयतानी पडली असशीन."

ठ. ची भुवई मासिकात चंद्रकोरीसारखी. लिहिलंच हाय तसं.

वद्य ५, गुरुवार

खरं काय झालं ते लिहून ठेवतो, नाई तं मलेच खोटं वाटाले लागीन.

अंडी ठ. लेच पाहिजे होती. ते म्हने तुहे हात लंबे हायत. मी वाकली. गोटा सुटला. उन्हाळ्याचं पानी, छातीवरी. आत एक दगड बाहेर आलेला, त्याच्यावर उभी राहिली. बा फुलं घेऊन अंबादेवीपाशी गेला होता, माय लग्नाले. वर पाहिलं तं ठ. चं तोंड होतं, मंग नव्हतं. मी लय हाका मारल्या. मंग मोटेवर बा म्हनते ती गानी म्हटली, सारी, संपली का पयल्यापासून. थंडीनं दात वाजत होते म्हनून मधामधात वेणी दातात धरे. हे वेणीचं कोनालेच सांगितलं नाई. बापालेबी नाई.

पुढच्या वर्षी अकोल्याहून ठ. चा मामा आला. नाटक कंपनीत पेटी वाजवे. आमच्या अंगनात बसला अन् म्हने, कोन पोट्टी गाते इथं, म्हन पाहू. साऱ्यायनं माह्याकडं पाहिलं. माह्या तोंडातून आवाज निंघाला नाई. चार लोक पाहून राहिले का माहा गळा बंद होते, तवाही अन् आताही. ठ. उठली अन् माह्याच बापाचं गानं म्हटलं. अर्धं बेसूर. मामा तिले घेऊन गेला. मी चौथी झाल्यावर शाळा सोडून दुकानावर बसली.

एवढंच हाय. मासिकात छापासारखं नाई.

वद्य ८, रविवार

त्या मासिकाचं पान चाचाजवळून मागून घेतलं. त्याले वाटलं जपून ठेवतो. वकिलीनबाईच्या गजऱ्याले पळसाचं पान संपलं होतं, त्या फोटोत गुंडाळून देलं. वल्ल्या मोगऱ्यानं नाक पयले भिजलं.

दिवसभर बरं वाटलं. झोपतानी नाई वाटलं.

वद्य १२, गुरुवार. अकोला

ताईचे दिवस भरत आले, म्हनून मायनं मले अकोल्याले पाठवलं. भाटवे, म्हंजे ताईचा नवरा, कापसाच्या जिनात कामाले, घरभर सरकीचा वास. इथंही ठ. ताईच्या भिंतीवर साबनाच्या जाहिरातीतली ठ. लावेल हाय. हात गालाले लावून हासून राहिली. ते आंग धुवाले किती रडे ते मले मालूम हाय.

ताईले म्हनलं, इहिरीत मी पडली होती ना. ताई म्हने, "हो का? मले तं वाटे तुमी दोघी पडल्या होत्या." सख्खी बहीन.

अमावस्या, रविवार. अकोला

ताई म्हने माह्यानं होत नाई, तू पाहून ये. शेजारनीसंगं बायांच्या बाकड्यावर बसली. ठ. चा नवा सिनेमा.

मनात ठरवून गेली होती का हासायचं. सुरुवातीले हासलीही. ठ. शेतकऱ्याची पोरगी झाली अन् खुरपं असं धरलं जसं पंख्याची दांडी. गाते आता बरी, हे लिहा लागते. कोनीतं शिकवलं असंन.

मंग इहीर आली. सावत्र माय ढकलून देते. अंधार. वरून एक गोल उजेड. बाया मुसमुसाले लागल्या. मी म्हनलं हे काय, पत्र्याची इहीर असंन, पानी ऊन करून भरलं असंन. ठ. गात होती. मधात थांबली. वेणी पुढं घेतली अन् दातात धरली.

माह्या आंगावर काटा आला. हे तिले कोनं सांगितलं?

पुढचा सिनेमा दिसला नाई. शेजारीन म्हने, "रडू नको वं बाई, शेवटी निंघते ते." मी रडत नव्हती. दात वाजत होते, वैशाख तोंडावर आला तरी.

वैशाख शु. ३, अखजी, बुधवार. अकोला

ताईले पोरगी झाली. दोघी बऱ्या. भाटवे म्हने नाव कुंदा ठेवू. ताईनंच म्हनलं, पाहू मंग. ताईचं भलं होवो.

वैशाख शु. ८, सोमवार

काल अमरावतीले वापस आली अन् आज टांग्यातून टॉकीजचे मॅनेजर दुकानावर हजर. पुन्याकडचे हायत, बोलने मऊ. ठ. गुरुवारी येनार. टॉकीजात सत्कार. मोठा हार आमचा.

"आणि हार तू घालायचास. विहिरीपासून पळालेली मैत्रीण आणि कुंदलताबाई, इतक्या वर्षांनी समोरासमोर. लोक डोक्यावर घेतील. तुला काही बोलायचं नाही, फक्त लाजायचं."

लाजायचं म्हने. ते मले शिकवा लागत नाई.

बा "हो साहेब" म्हनला. टांगा गेल्यावर मी इचारलं, "बा, तूच तं मले दोर टाकून वर काढलं."

"काढलं."

"मंग साऱ्या गावासमोर मी पयाली म्हनून उभी राहू?"

बा किती वेळ झारीनं झेंडूवर पानी मारत राहिला. म्हने, "लोकायले सिनेमा पाहिजे, गोदे. तू खरं सांगितलं तं ते म्हनतीन, जळते." मंग म्हने, "अन् जळतं तं तू खरंच."

बापानं असं नाई बोलाले पाहिजे. खरं असलं तरी.

शु. ९, मंगळवार

माय म्हने जा, नवं लुगडं नेस, लोक पाहतीन, कोनी पाहुना दिसून पडला तं बरंच. मायले सारं आयुष्य परतवाड्याच्या लोकायसारखं दिसते.

नाई गेली तं? म्हनतीन तोंड दाखवाले जागा नाई. गेली तं कबूल केलं. समोर उभी राहून एक वाक्य बोलता आलं असतं, 'इहिरीत मी होती.' तीन शब्द. मळ्यात मोगऱ्यासमोर म्हनून पाहिले. मोगऱ्यासमोर येते म्हनता.

शु. ११, गुरुवार

झालं. आता सारं लिहितो.

दुपारी हार ओवला. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या, मधात गुलाब, दोऱ्याच्या जागी केळीचं सोपट. कळ्यायवर लाल मुंग्या होत्या. न झटकता ओवाव्या असं मनात आलं. चार ओवल्याही. मंग काढून झटकल्या. हार चांगला झाला पाहिजे, हाराचं काय चुकलं.

या उन्हात कळ्या सांजलोक फुटतात, म्हनून आमी हार टोपलीत घालून, वरून वल्लं फडकं टाकून, दोरानं इहिरीत सोडतो. पान्याच्या वर वीतभर. लग्नाचे सारे हार असेच राहातात. हाही सोडला. निंघाच्या वक्ताले वर ओढला तं बर्फासारखा गार, शेवाळाचा वास मारे. फडकं पान्याले लागलं असंन. दुसरा ओवाले वेळ नव्हता.

टॉकीज भरलेलं. करीमचाचा पयल्या रांगेत, नवी टोपी घालून. मॅनेजरनं भोंग्यातून सांगितलं, "आणि आता, ती पळपुटी मैत्रीण!" लोक हासले. शिट्ट्या. मी टोपली घेऊन वर गेली.

ठ. उभी होती. बारीक झाली. रेशमी लुगडं, मोत्याची माळ, नाक तेच. भोंग्यातून बोलली, मॅनेजरसारखंच मऊ. "हिला हसू नका. लहान होती, घाबरली. मी केव्हाच क्षमा केली आहे." टाळ्या. चाचा डोये पुसत होता.

क्षमा. तवा मले ते तीन शब्द बोलायचे होते. गळा बंद. म्हनून हार उचलला अन् घातला तिच्या गळ्यात, सारा जोर लावून.

गार पानी तिच्या मानेतून खाली गेलं. ठ. नं श्वास वर ओढला. रंग लावला होता तरी तोंड पांढरं पडलं. भोंगा खाली केला. हात आपोआप मांगे गेला, वेणी पुढं आनली अन् दातात धरली. लोकायले वाटलं सिनेमातलं करून दाखवून राहिली. टॉकीज डोक्यावर घेतलं.

माह्या कानापाशी तोंड आनून म्हने, आमच्या बोलीत, "त्याच इहिरीतून काढला का वं हार?"

मी हो म्हनून मान हालवली.

"अजून तशीच गार हाय."

तवा माहा गळा उघडला. हळूच, पन उघडला. म्हनलं, "तुले कसं मालूम?"

ठ. नं माह्याकडं पाहिलं. माह्या भुवईकडं पाहिलं. "उद्या सकायी मळा पाहाले येतो. गाडीच्या पयले." मंग मॅनेजर आला मधात, फोटोवाला आला, अन् मले कोपरानं मांगे सारलं.

ते इहिरीत एक दिवस उतरली नाई. तिले कसं मालूम?

शु. १२, शुक्रवार

इहिरीपाशी बसून लिहून राहिली. उजाडलं नुकतं. बा बैल घेऊन आला, मी म्हनलं मोट नको जुपू आज, ठकू येनार हाय.

(लिहिलं गेलं पुरं नाव. खोडत नाई.)

बा बैलाले वापस बांधून आला अन् माह्याबाजूले बसला. मी त्याले कालचं सांगितलं. वेणीचंही सांगितलं, आज पयल्यांदा. म्हनलं, मी दातात वेणी धरली होती हे ठकूले कोनं सांगितलं?

बा म्हने, "तू धरली होती ते मलेच आता समजून राहिलं. ते धरून बसली होती हे मालूम हाय."

"कोन?"

"ठकी. ते कुटं पयाली. मोटेचे बैल चालतात ते धाव हाय ना, त्या उताराखाली, गोट्यायच्या आडून बसली होती. दुपारपासून. तू आत गानं म्हने, ते वर वेणी तोंडात कोंबून बसे. मी आलो तवा मोटेच्या सांडलेल्या पान्यात बसून गारठली होती जशी तूच. मी इचारलं, पोट्टी कुटं हाय, तं बोट दाखवलं. मले राग आला. म्हनलं आवाज काहून नाई देला कोनाले, अन् दोन ठेवून देल्या. घरी हाकलली. लेकराले मारलं, म्हनून मंग बोललो नाई कुटं."

 ते पळाली नव्हती. इतके वर्ष मी तिले पळवलं, अन् तिनं मले.

पन खरं लिहायचं तं मले बरं नाई वाटलं. राग आला. तिच्याजवळ नाव, गानं, साबन, भुवई. माह्याजवळ एकच होतं, का त्या अंधारात मी एकटी होती. आता तेबी अर्धं तिचं निंघालं. ते साऱ्या वेळ ऐकत होती. माहं गानं पयले तिनंच ऐकलं, अन् सारं ऐकलं.

बाले म्हनलं, "हे तू तिच्यासमोर सांगशीन?"

"तिनं मार ध्यानात ठेवला असंन तं मी काय तोंडानं सांगू." उठून गेला. झेंडूत जाऊन उभा हाय, पाठ इकडं.

रस्त्यावर मोटार थांबली. दार वाजलं. डरायवर म्हने, "बाई, चिखल आहे, लुगडं खराब होईल." तिचं उत्तर ऐकू आलं नाई.

मी आता धावेच्या उतारावर येऊन बसली हाय, त्याच गोट्यायपाशी. इथून इहीर दिसत नाई, निस्ता आवाज येते. पारवे अजून हायत आत.

कोनीतं बांधावरून चालत येऊन राहिलं. चपला हातात घेतल्या वाटते. मी हाक मारनार नाई. पयले ते काय म्हनते ते ऐकतो.