रुद्रला बाकावर बसवलंस तेव्हा

प्रिय दादा,

तुझा फोन बंद, आणि करुणावहिनीच्या फोनवरही तू येत नाहीस, म्हणून कागद घेतला. आत्ताच रांजणगावहून कंपनीच्या बसनं आले. आईनं चहा ठेवलाय.

फायनल आम्ही समाजमंदिरात पाहिली. निम्मं इनामगाव जमलं होतं. तुझी टीम पुढं होती, आणि ऐन रंगात तू तुझ्या हुकमी चढाईपटूला, रुद्रला, बाहेर बोलावून बाकावर बसवलंस. कुणाला काही कळेना. दोन पॉइंटांनी मॅच गेली, तसे मच्छिंद्रमामा चप्पल शोधत उठून गेले. वर रुद्रनं टीव्हीवर सांगितलं, की मी खेळू शकत होतो, कोचनं माझी फायनल घालवली. दुसऱ्या दिवशी बसमधल्या बायका माझ्याशी जपून बोलत होत्या. शिरूरच्या चौकातला तुझा फ्लेक्सही कुणीतरी उतरवला. आबा तर त्या दिवसापासून कबड्डीचं नावच काढत नव्हते.

मला मात्र तुझीच एक मॅच आठवत राहिली. विहारामागच्या मातीत, जयंतीच्या सामन्यांत चढाया शिकलास. तिथून दौंडच्या क्लबात आणि मग थेट मोठ्या लीगमध्ये. त्या सेमीफायनलला गुडघा टम्म सुजला होता तुझा. कोचनं विचारलं, जमेल का, आणि तू हो म्हणालास. इंजेक्शन घेऊन खेळलास, जिंकून दिलंस. इकडं हलगी वाजली, मीसुद्धा नाचले. त्यानंतर तू कधी मॅटवर उतरलाच नाहीस. घरी आलास की गच्चीचा जिना पाठमोरा उतरायचास. आई बघायची आणि काहीतरी काम काढून आत जायची. पुढं तू कोच झालास, तळाला पडलेली टीम फायनलपर्यंत आणलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण तो जिना आम्हीच पाहिला होता.

काल भांडगावहून रुद्रची आई, सिंधूबाई, आल्या. बरोबर रुद्र, काठी टेकत. आबा ओट्यावर होते. बसा म्हणाले, पण तोंड वळवूनच. सिंधूबाईंनी डॉक्टरांचं सांगितलं. गुडघ्याचं लिगामेंट तुटायच्या बेताला आलं होतं. त्या दिवशी आणखी एखादी चढाई केली असती, तर रुद्रचा खेळ कायमचा संपला असता. आता विश्रांती घेतली, व्यायाम केला, तर पुढच्या सीझनला उभा राहील. रुद्र खाली मान घालून ऐकत होता. आबांनी तोंड इकडं वळवलं. मग म्हणाले, "माझ्या पोराला तवा असं कुणी भाईर बसवलं न्हाई." आणि उठून मोरीत तोंड धुवायला गेले. आईनं रुद्रला ताट वाढलं, दुसरी भाकरी न विचारताच टाकली.

तू राजीनामा लिहून ठेवलायस, असं वहिनी म्हणाली. द्यायचा की फाडायचा, ते तू ठरव. त्यात मी पडणार नाही.

फक्त एवढंच, की हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. रुद्रला तुझ्याकडं यायचंय, पण धीर होत नाही. तोंडावर दार लावशील अशी भीती वाटते त्याला. मग काल निघताना मीच त्याला म्हटलं, उद्या येऊन माझं पत्र घेऊन जा, माझं पत्र आणणाऱ्याला दादा माघारी धाडणार नाही. तू हे वाचतोयस तेव्हा तो उंबऱ्याबाहेर उभा आहे. त्याला आत घे. बोलणं मागाहून होईल, आधी खुर्ची दे.

तुझीच,
दीक्षा