आपल्या रक्ताले न सोसलेला शेक

नागपूर, डिसेंबर २००६

चिरंजीव हिरामण, मोठ्या भावाचा तुले जय भीम.

दवाखान्यात माही काळजी नीट घेऊन राह्यले. भूक लागते. धान घरी आलं काय?

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर मशीनखाली घेतलेला किरणांचा शेक संपून वर्ष झालं, तरी लघवीतून रक्त जाते. हे वहिनीले बोलू नको. माह्यासंगं तेवढाच शेक घेतलेले जिवतीचे सुरेंद्रभाऊ काल तपासणीले आले होते. एकदम ठणठणीत! मी डाक्टरीणबाईले इचारलं, "मग मलेच काऊन?"

त्या म्हणाल्या, "काहींच्या शरीराला शेक सोसत नाही, आतून जखम राहते. ते जन्मापासून रक्तातच असू शकतं, पण आधी ओळखायची तपासणी अजून नाही. तुम्हाला सख्खा भाऊ आहे?"

"आहे," म्हणालो अन् लगेच हे पत्र लिहाले बसलो.

तुलेही लघवीले त्रास होते, असं तुह्या बायकोनं, कुंतानं फोनवर रडत सांगितलं. तिच्यापासून तरी दडवू नको रे. लवकर ये, तपासून घे. कॅन्सर निघाला तर इलाजाले भिऊ नको, पण शेक घ्यायच्या आधी डाक्टरले सांगजो का सख्ख्या भावाले शेक सोसला नाही. माह्या दुखण्याचा तुले एवढा तरी उपयोग होऊ दे.

वाट पाहून राह्यलो,
तुहा भाऊ सोमाजी