पट्टीचा हात

सौ. जाऊबाई सत्यभामाबाईंस,

पाटल्यांसोबत तुमचा निरोप आला, म्हणून लिहावे लागते आहे: "कॉलेजवाली असशीन, पन वेणूच्या लग्नात नंगं मनगट बरं दिसते काय? एक दिवस पट्टी सोड."

छातीच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून माझा उजवा हात सुजतो. मनगटापासून पट्टी बांधली, तर पंजा फुगला. रबरी पट्टीने बोटे बधिर झाली. शेवटी नागपूरची क्रेपची पट्टी मानवली. ती बोटांच्या मुळाशी घट्ट आणि वर दंडाकडे सैल बांधते. ती सोडून पाटल्या घातल्या, तर संध्याकाळी त्या सोनाराकडून कापून घ्याव्या लागतील. तुमच्या वेणूवर अक्षता मी पट्टीसकट टाकणार. अडवायचे असेल, तर भर मांडवात अडवा.

सोजरा

हे पत्र धाडले नाही. स्वतःच लग्नाला डोणगावला गेले. अक्षता टाकल्यावर दोन्ही पाटल्या पट्टीच्या उजव्याच हाताने जाऊबाईंना परत दिल्या.